उलट्या उत्तरेचे दगड

एका खोलीत दोन मास्तर राहत असले आणि त्यांतला एक रोज उत्तरेकडे डोकं करून झोपत असला, तर दुसऱ्याची झोप कशी होत असेल हे ज्याचं त्यानं ठरवावं. दक्षिणेला पाय करून माणसाला एकदाच झोपवतात, आणि तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. आमच्या घरमालकीण जिजी पहिल्याच आठवड्यात एकदा पहाटे अंगण झाडायला आल्या. उघड्या दारातून त्यांना माझ्याबरोबरचे मास्तर असे सरळ, ताठ, छातीवर हात ठेवून पडलेले दिसले. हातातला झाडू टाकून त्यांनी जी किंकाळी फोडली तिने गोठ्यातले दोन्ही बैल उठून उभे राहिले.

मास्तरही उठून बसले. "काय झालं जिजी?"

"मास्तर, तुम्ही आसं कसाले झोपतस? मरेल मानूसले आसं ठेवतस!"

"पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक आहे जिजी. लोक म्हणतात, तिच्या रेषेत झोपलं की माणसाचं रक्त बिघडतं. मी सहा वर्षं झोपून बघतोय. अजून तरी काही झालेलं नाही."

"व्हई जाई मंग समजी," असं म्हणून जिजी झाडू उचलून गेल्या. पण त्या दिवसापासून सकाळी त्या आधी दाराबाहेरून "मास्तर!" अशी हाक मारायच्या, ओ आली की मगच झाडायला लागायच्या.

ही साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. जिल्हा तेव्हा धुळे होता. म्हसावदला हायस्कूल नवंनवं होतं. मी मराठी शिकवायचो आणि मास्तर शास्त्र. आबा आणि जिजी या गुजर शेतकरी जोडप्याच्या घराची पुढची खोली आम्हा दोघांना मिळाली होती. मी तिशीच्या आतला, मास्तर चाळिशीला आलेले, दोघेही सडेफटिंग. मास्तरांचं नाव सांगत नाही. गावातही ते कुणी वापरत नव्हतं. मुलं त्यांना 'टोकमास्तर' म्हणत, कारण समोर कुठलीही वस्तू आली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "टोक कुठलं?"

म्हणजे, याची दोन टोकं सारखी आहेत की वेगळी? उसाची कांडी घ्या, चवळीचा दाणा घ्या, कोंबडीचं अंडं घ्या. अंड्याचं एक टोक बोथट, आत हवेची पोकळी तिथेच. चवळी कशीही पेरा, मूळ खालीच वळणार. ग्रामपंचायतीच्या बॅटरीवरच्या रेडिओला तारा उलट्या जोडून मीच एकदा त्याची बोलती बंद केली होती. तेव्हा मास्तरांनी एका तारेला लाल कापड बांधलं आणि मला म्हणाले, "कविराज, तुमच्या शब्दांना पुढून मागून वाचलं तर चालत असेल. हिला चालत नाही." मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही. पण मराठी शिकवणारा तो कवी, असा त्यांचा ठाम समज होता आणि तो मी दूर करू शकलो नाही.

त्यांचा तास माझ्या वर्गाला लागूनच, मध्ये फक्त तट्ट्याची भिंत. त्यामुळे माझी मुलं व्याकरणाच्या तासाला विज्ञान ऐकत. एकदा त्यांनी करवतीचं पातं चुंबकावर घासून त्याचंच चुंबक केलं आणि मधोमध मोडलं. "एक टोक मला आणून द्या. फक्त एक. उत्तर नसलेली दक्षिण किंवा दक्षिण नसलेली उत्तर. जो आणील त्याला शंभरपैकी शंभर." आठवडाभर सगळ्या गावातली पाती मोडली. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन टोकं निघत. शेवटी आबांच्या घरचीच करवत गायब झाली तेव्हा हा प्रयोग आबांनी थांबवला.

दुसऱ्या एका दिवशी ते विहिरीवर गेले, डोक्यावर कंगवा घासला आणि जिजींच्या कळशीतून पडणाऱ्या बारीक धारेजवळ धरला. धार वाकली. पाणवठ्यावरच्या बायका कळशा तिथेच टाकून मागे सरल्या. मास्तर सांगत होते की पाण्याच्या कणालाही दोन टोकं असतात, म्हणूनच पाण्यात मीठ विरघळतं आणि तेल विरघळत नाही. जिजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग भाजीमा मीठ जास्त पडी गयं तर कंगवा लाईसन काढतस का?" मास्तर यावर खरोखरच विचार करत बसले. त्या दिवशी आम्ही जेवायला तासभर उशिरा बसलो.

मला त्यांचा हाच स्वभाव आवडायचा. कुणी थट्टेत विचारलं तरी ते उत्तर शोधायला लागत. त्यांनी शेवग्याच्या दोन फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगल्या, एक सुलटी आणि एक उलटी. काही दिवसांनी गोणपाट सोडलं. उलट्या फांदीची मुळं वर आली होती आणि कोंब खाली. झाडावर असताना जे टोक खाली होतं, मुळं तिथूनच फुटली. मास्तर ती फांदी हातात धरून ओट्यावर कितीतरी वेळ बसून होते. ऊन उतरलं होतं, समोर कापसाच्या शेतांपलीकडे सातपुडा निळा झाला होता.

"हिला लक्षात आहे," ते म्हणाले. "आपण उलटं टांगलं तरी आपलं खाली कुठे होतं ते ती विसरली नाही."

मी विचारलं, "मास्तर, चुंबकाची टोकं, बॅटरीची टोकं, पाण्याची, झाडाची. हे सगळं एकच आहे का?"

"नाही हो. नाव एक आहे, माणसं वेगळी आहेत. गावात पाच जण आबा असतात ना, तसं. चुंबकाचं टोक झाडाला लावाल तर फसाल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण एक गोष्ट सगळीकडे खरी आहे. दोन टोकं सारखी असली की काही घडत नाही. सगळं नुसतं पडून राहतं."

हे ते माझ्याशी बोलत होते की सातपुड्याशी, सांगणं अवघड होतं. मास्तर बोलताना असे अधूनमधून निघून जात. परत येईपर्यंत आपण थांबायचं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वडील वारले म्हणून मास्तरांनी शिक्षण सोडलं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करायचं हे त्यांचं वेड होतं, आणि परीक्षा न दिलेल्या माणसाला तिथे कोण घेणार? हे ते फारसं बोलत नसत. पण दर रविवारी ते डोंगरात का जात, याचं कारण हेच होतं.

तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यातला एक पावरा आदिवासी गडी त्यांच्याबरोबर असायचा. दोघं कड्यावरून काळा दगड फोडून आणत. फोडण्याआधी मास्तर दगडाच्या पाठीवर होकायंत्र ठेवायचे, उत्तरेकडे बाण काढायचे, पातळी बघून आडवी रेघ मारायचे, नंबर घालायचे, आणि मगच छिन्नी लावायचे. दगड कड्यात कसा बसला होता ते त्या खुणांवरून कळलं पाहिजे. चुना घासून जातो. गेरूत लोखंड असतं, तो चुंबकाच्या कामात नको. म्हणून खुणा शेंदराच्या, तेलात कालवलेल्या. शेंदराला चुंबकाशी देणंघेणं नाही, असं ते म्हणायचे.

आबा विचारत, "मास्तर, दर आईतवारले दगडं फोडाले जातस. सडकवर खडीना ठेका लिन्हा का?"

जिजींची शंका वेगळीच होती. "सातपुडा तठे शे, बठ्ठास्ले दिसस. मंग उत्तर कथी शे ते सुईले कसाले इचारतस?"

मला मास्तरांनी एकदाच नीट समजावलं. हा सगळा काळा दगड म्हणजे पूर्वी जमिनीतून वाहून आलेला तापलेला रस. गुळाचा पाक निवताना जसा भेलीचा आकार धरतो, तसा हा रस निवताना त्यातले लोखंडाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून बसले आणि तसेच गोठले. म्हणजे त्या काळी उत्तर कुठे होती, हे दगडाच्या पोटात लिहिलेलं आहे.

ते वाचायला त्यांनी यंत्र केलं होतं. लोणच्याची रिकामी काचेची बरणी. आत रेशमाच्या एका तंतूवर ज्वारीच्या ताटाचं सालपट टांगलेलं, त्याला वर एक आणि खाली एक अशा चुंबक केलेल्या दोन शिवणाच्या सुया, तोंडं एकमेकींच्या विरुद्ध, म्हणजे पृथ्वीची ओढ दोघींत फिटून जाते आणि दगडाची तेवढी उरते. दगड बरणीखाली सरकवला की सुया हळूहळू वळत. दुपारी शाळा सुटल्यावर दार लावून घ्यायचं, पंख्याएवढाही वारा नको, आणि दोघांनी श्वास धरून बघायचं. मला भाषेच्या माणसालाही त्याची ओढ लागली होती. सुई वळताना बघत राहिलं की आपण कुठे आहोत, कोणत्या काळात आहोत, हे सुटत जायचं.

आणि सुया उलट्या वळत होत्या. एखादा दगड नव्हे, बहुतेक सगळेच. दगडांची उत्तर दक्षिणेला होती.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"तेव्हा पृथ्वीचंच चुंबक उलटं होतं," मास्तर फार हळू आवाजात म्हणाले. कुणी ऐकलं तर आपल्याला वेड्यात काढील अशी त्यांना धास्ती असावी. मलाही क्षणभर ते वेडेच वाटले.

दोन हिवाळे घालवून त्यांनी चाळीसेक दगड जमवले आणि आपल्या जुन्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं तेव्हा मास्तरांनी ते मला वाचायला दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. प्राध्यापकांनी लिहिलं होतं: मी कामानिमित्त धुळ्याकडे येत आहे, एक दिवस येऊन बघतो. वहीतल्या आकड्यांवर मी जाणार नाही, खुणा केलेले दगड माझ्यासमोर मोजायचे. ते पटले तर परीक्षा नसली तरी तुम्हाला प्रयोगशाळेत घेण्याची जबाबदारी माझी.

म्हणजे मास्तरांचं सगळं पुढचं आयुष्य आमच्या ओसरीवर त्या चाळीस दगडांत पडलं होतं. प्रत्येक दगड खाली कपच्या लावून कड्यात होता तसाच कललेला, प्रत्येकाचा बाण सातपुड्याकडे.

प्राध्यापकांना आणायला मास्तर आदल्या दिवशी दोंडाईचा स्टेशनला गेले. जाताना मला म्हणाले, "दगडांकडे लक्ष असू द्या."

"कुणी चोरून नेणार आहे का?"

"तसं नाही. पण असू द्या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खोलीत निबंधाच्या वह्या तपासत बसलो होतो. जिजी दाराशी आल्या. "भाऊ, मास्तरना शेंदूरना डबा दे ना काढी. मन्हा सरी गया." मी उठलो, वरच्या फळीवरचा डबा काढून त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. मला वाटलं, त्यांच्याकडचा संपला, वेशीवरच्या मारुतीसाठी हवा असेल. थोड्या वेळाने ओसरीवर पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. राखेने काहीतरी घासल्याचाही. उठून बघायला चार पावलं लागली असती.

मी ती टाकली नाहीत. का, याची अनेक उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत. वह्या खूप होत्या. आळस होता. आणि एक उत्तर मी बरीच वर्षं टाळलं: प्राध्यापकांना दगड पटले असते तर मास्तर पुण्याला गेले असते आणि त्या खोलीत मी एकटा उरलो असतो. मला ते जायला नको होते.

दुपारी बैलगाडी दारात थांबली. मी बाहेर आलो तेव्हा सगळं झालेलं होतं. ओसरी सारवलेली, रांगोळी काढलेली. चाळीसही दगड घासूनपुसून, पायथ्यापासून माथ्यापर्यंत शेंदूर लावून, भिंतीला टेकून उंचीप्रमाणे ओळीने उभे. प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूचं फूल. बाण नाही, रेघ नाही, नंबर नाही.

जिजींच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मास्तर, पाव्हना येनार व्हतात ना, म्हनीसन बठ्ठं सारवी टाकं. आनि हाई देव दखा! कोनी उताना, कोनी पालथा, कितला दिन धूळ खाई ऱ्हायनात. देवले आसं ठेवतस का? बठ्ठास्नं आंग धवाडं, शेंदूर लायं, उभा करात."

शेंदराची खूण असलेला दगड म्हणजे देव, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. दोन वर्षं त्या बाईने ते देव वेडेवाकडे पडलेले बघितले, मास्तरांची भीड म्हणून गप्प राहिली. पाहुणा येणार म्हटल्यावर तिला घराची लाज वाटली.

मास्तर गाडीतून उतरले होते. ते दारात थांबले. त्यांनी दगडांकडे पाहिलं, मग खोलीत एक नजर टाकली, मग जिजींकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. मग त्यांनी चपला काढल्या आणि ओसरीवर येऊन दगडांना हात जोडले.

"छान केलंत जिजी," ते म्हणाले.

प्राध्यापक मागून आले. "हेच का ते?"

"हो साहेब. पण खुणा गेल्या."

"मग मी काय पाहू?"

मी मूर्खासारखा मध्येच म्हणालो की सुई तर अजून वळेल, दगड बरणीखाली ठेवून बघू. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी कीव आली असावी.

"सुई वळेल हो," ते म्हणाले. "दगड अजून बोट दाखवतोच आहे. पण तो तेव्हा उभा कसा होता तेच माहीत नसेल, तर ते बोट उत्तरेला की दक्षिणेला, कसं सांगायचं?"

प्राध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी बरणी बघितली, सुयांची जोडी बघून मान डोलावली, वही शेवटपर्यंत चाळली. जिजींच्या हातचं वरणबट्टीचं जेवण जेवले. संध्याकाळी परत बैलगाडीत बसताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दगडांवर खुणा असत्या तर मी तुम्हाला आजच घेऊन गेलो असतो." हे त्यांनी न सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गाडी गेली तशा जिजी आमच्याजवळ आल्या. माणसांचे चेहरे त्यांना वाचता येत. "मास्तर, मन्हा हातथून काही पाप व्हयनं का?"

"छे, छे! पाहुण्यांना जेवण फार आवडलं."

"मंग तुम्ही पुन्याले जाई ऱ्हायनात का?"

"नाही जिजी. मीच नको म्हटलं. वरणबट्टी कोण करून घालणार तिथे?"

जिजी हसल्या, पदराने तोंड झाकून आत गेल्या. आपल्या हातून काय झालं हे त्यांना कधीच कळलं नाही. मास्तरांनी ते कळू दिलं नाही. आणि मीही मास्तरांना काही कळू दिलं नाही. डब्याचं त्यांनी विचारलं नाही, जिजी बोलल्या नाहीत, मी तोंड उघडलं नाही. सगळा दोष जिजींच्या भाबडेपणाच्या खात्यावर राहिला आणि मी तो राहू दिला.

आबांनी दगड गावाबाहेरच्या निंबाखाली नेऊन मांडले. बायका तिथे नारळ फोडू लागल्या. मी दोन-तीनदा म्हणालो, "मास्तर, पुन्हा आणू. मी येतो बरोबर." ते "आणू" म्हणायचे. पण रविवारी ते आता ओट्यावरच बसत. तो पावरा गडी एकदा खाली बाजाराला आला, बराच वेळ त्यांच्याशेजारी बसला आणि काही न विचारता उठून गेला. वर्गात मात्र पूर्वीसारखेच शिकवायचे. भिंतीपलीकडून त्यांचं "टोक कुठलं?" ऐकू आलं की मी मुलांना मोठ्याने कविता म्हणायला लावायचो.

पुढे एकदा वर्तमानपत्रात छोटीशी बातमी आली, की दख्खनच्या काळ्या दगडातलं चुंबकत्व अभ्यासकांना बऱ्याच ठिकाणी उलटं सापडलं आहे. मी ती कापून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी दोनदा वाचली. "म्हणजे बरोबर होतं तर," ते म्हणाले आणि त्यांचं तोंड उजळलं. त्यांना खराच आनंद झाला होता. मला रडू आलं, ते मी खोकला म्हणून निभावून नेलं.

त्या रविवारानंतर चार वर्षांनी मला नाशकाला नोकरी मिळाली. मास्तर शहाद्याच्या स्टँडपर्यंत पोचवायला आले. माझी वळकटी टपावर चढली. आता नाही सांगितलं तर जन्मात सांगणार नाही, असं मला वाटलं.

"मास्तर, त्या दिवशी शेंदराचा डबा जिजींना मी दिला होता."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले.

"जिजी बोलल्या?"

"छे! त्या कशाला बोलतील? डबा वरच्या फळीवर असायचा. जिजींचा हात पोचतो का तिथे? मी दारात उभा होतो तेव्हाच फळीकडे बघितलं होतं."

चार वर्षं. या चार वर्षांत मला टायफॉईड झाला तेव्हा हा माणूस एकवीस दिवस माझ्या उशाशी बसला होता. रोज भाकरी मोडून मोठा तुकडा माझ्या ताटात टाकत होता. कंडक्टरने दोरी ओढली आणि मी चढलो.

मास्तर खिडकीखाली आले. जिजींनी बांधून दिलेल्या दशम्यांचं पुडकं त्यांनी माझ्या हातात दिलं.

"पाणी घेतलंत ना बरोबर?" त्यांनी विचारलं.